स्वयंपाकघरात माणसं शून्य

“स्वयंपाकघरात माणसं किती टाकलीस?” दाणी सरांनी विचारलं.

“सहा.”

“शून्य कर.”

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मे महिना, नागपूर, आणि ऑफिसातला कूलर थंड हवेपेक्षा शिंतोडेच जास्त फेकत होता, तेही नेमके माझ्या मानेवर. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून लस्सी पीत होते.

“सर, तिथं सहा बाया असतात. दिवस उगवायच्या आधी येतात, अंधार पडल्यावर जातात.”

“असतील ना. पण आपल्या यादीत स्वयंपाकघर सेवाखोलीत येतं. पंपघर, जनरेटर, सिलिंडरची खोली आणि स्वयंपाकघर. सेवाखोलीत माणसं धरत नाहीत. सगळे असंच करतात.”

“मग जेवण कोण करतं, जनरेटर?”

सरांनी ग्लास माझ्या टेबलावर ठेवला, नकाशावर ओलं वर्तुळ उमटलं. “विशाखा, तू बोलतेस छान. आता शून्य कर.”

ही गोष्ट होऊन बरीच वर्षं झाली. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, कूलर मी माझ्या बाजूला वळवून ठेवते. तेव्हा मी आयटीआय केलेली ड्राफ्ट्समन होते. ते सॉफ्टवेअर सरांनी हौसेनं घेतलं होतं आणि चार दिवसांत त्याचा नाद सोडला होता. मी शब्दकोश शेजारी ठेवून त्याची मदतपानं वाचली, चुकले, पुन्हा वाचली. त्यामुळे अख्ख्या ऑफिसात ते फक्त मला यायचं. सरांना त्यातले रंग तेवढे कळायचे. लाल म्हणजे गरम, निळं म्हणजे थंड. त्याहून खोलात ते कधी उतरले नाहीत, पण गिऱ्हाइकासमोर बोलायला तेवढं पुरायचं.

काम बडनेऱ्याच्या पुढच्या एका संस्थेचं होतं. मुलींचं नवं वसतिगृह. पैसा पुण्याच्या एका कंपनीच्या धर्मादाय निधीतून येणार होता, आणि त्यांनी एक अट घातली होती: माणसं जिथं वावरतात त्या खोल्या उन्हाळ्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त तापता कामा नयेत. अट चांगली होती. लिहिणारा नक्की पंख्याखाली बसून लिहीत नसणार.

सॉफ्टवेअरचं काम सोपं असतं. तुम्ही त्याला जमीन द्यायची, खोल्या द्यायच्या, विटा-पत्रे-काच यांचे भाव द्यायचे आणि लिमिटं द्यायची. मग ते खोल्या पत्त्यांसारख्या पिसतं, प्रत्येक डावावर वर्षभराचा सूर्य फिरवून बघतं, लिमिट मोडणारे डाव फेकून देतं आणि उरलेल्यांतला सगळ्यात स्वस्त समोर ठेवतं. त्याला दया नाही, द्वेष नाही. ठेकेदारासारखं आहे ते. जेवढं लिहून दिलं तेवढंच करणार, आणि जे लिहून दिलं नाही तिथं हात मारणार.

आदल्या दिवशी सरांनी माझ्याकडून एकदा शून्य टाकून डाव काढून घेतला होता. तो डाव माझ्या समोर होता. झोपायच्या खोल्या निळ्या, अभ्यासिका निळी, ऑफिस निळसर. आणि पश्चिमेच्या अख्ख्या अंगाला, दुपारनंतरचं ऊन जिथं भिंत फोडून आत येतं तिथं, लालभडक लांबोडकं स्वयंपाकघर. सॉफ्टवेअरला मुलींच्या आणि सूर्याच्या मध्ये काहीतरी आडवं घालायचं होतं. ज्या खोलीत कोणी नाही, ती त्यानं घातली.

सर म्हणाले होते, बघ, किती हुशार आहे.

मी तो नकाशा बघत बसले होते आणि मला आमचं गाव दिसत होतं. गावाचं सांडपाणी ज्या बाजूला उतरतं, त्या बाजूला आमची वस्ती. तोही कुणीतरी कमी खर्चात जमवलेला डावच होता. आमच्या घरांत माणसं शून्य धरली होती, एवढंच.

“सर,” मी म्हटलं, “त्या सहांत माझी माय आहे.”

 सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा कणा मात्र ओल्या पुठ्ठ्याचा होता. थोड्या वेळानं म्हणाले, मग असं करू, तिथं दोन एक्झॉस्ट पंखे जास्तीचे दाखवू. आणि ग्लास घेऊन आत गेले. ते वर्तुळ नकाशावर स्वयंपाकघराच्या नेमकं मधोमध पडलं होतं.

रविवारी मी मायकडे गेले. जुनं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची शेड. आत मोठा तवा, दोन भट्ट्या, आणि तवा घेरून बसलेल्या बाया. माय त्यांची म्होरकी, देवकाबाई. गेल्या उन्हाळ्यात ती पोळ्या शेकता शेकता कलंडली होती. नशीब, तव्याच्या उलट बाजूला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर उठेलच असं नाही. मी तिला काम सोड म्हणून भांडले होते. ती म्हणाली होती, सोडते, अन् मंग तुह्या डोक्यावर बसून तुह्यं डोकं खाते. ती सोडणार नव्हती. त्या तव्यावर तिनं मला आयटीआय करवलं होतं आणि आता माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंग करवत होती. म्हणजे पुढचे सगळे उन्हाळे ती नव्या इमारतीतल्या स्वयंपाकघरात काढणार होती, आणि ते स्वयंपाकघर माझ्या माऊसखाली होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती पीठ मळत ऐकत राहिली.

“म्हंजे तुह्या कॉम्प्युटरात मी नाई?”

“नाहीस. शून्य.”

“मंग बरंच हाय की. नसलेल्या बाईले घाम कुठून येईन?” बाकीच्या बाया खिदळल्या. नलूबाई म्हणाली, देवकाबाई, आता पगारबी तो कॉम्प्युटरच घेईन, पाय बरं.

मी चिडले. म्हटलं, मी तुला त्यात टाकणार आहे. मायचा हात थांबला. ती हलक्या आवाजात म्हणाली की मला कॉम्प्युटरात टाक नाहीतर नको टाकू, पण माझं नाव कुठं घेऊ नकोस, बापूसाहेबांना कळलं की पोरगी आईसाठी नकाशे फिरवते तर दोघींना घरी बसवतील.

आणि बापूसाहेब तेवढ्यात आलेच. बापूसाहेब खारोडे, संस्थेचे अध्यक्ष. रविवारी ते फेरी मारायचे. पांढरं धोतर, मागे शिपाई, शिपायाच्या हातात थर्मास. बापूसाहेब शेडच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे राहिले, आतल्या बायांना डाळ-तांदळाचं विचारलं, आणि शिपायानं थर्मासमधून चहा ओतून दिला तो प्याले. आत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, गंजात बायांचा चहा उकळत होता.

ते गेल्यावर मी मायकडे बघितलं.

“काय पायतं?” ती म्हणाली. “त्यायचं पोट नाजूक हाय. घरचाच चहा पचते.”

“किती वर्षांपासून नाजूक आहे?”

“खानदानी हाय ते नाजूकपन,” माय म्हणाली आणि गंज उतरवला.

सोमवारी मी सरांना न विचारता स्वयंपाकघरात पुन्हा सहा माणसं टाकली आणि मुलींच्या खोल्यांना होतं तेच लिमिट त्याला लावलं. सॉफ्टवेअर दुपारपर्यंत पिसत बसलं आणि शेवटी एकही डाव न काढता थांबलं. एकही बसत नाही. सरांना कुठून वास लागला कुणास ठाऊक, ते आलेच. बघ म्हणाले, म्हणून शून्य करतात. माणसं टाकली की इमारतच उभी राहत नाही.

मी म्हटलं, “इमारत उभी राहते सर. आपण छप्पर खाली दाबून ठेवलंय म्हणून बसत नाही.”

स्वयंपाकघराचं छप्पर मी नेहमीच्या सवयीनं बाकीच्या खोल्यांइतकंच बांधून ठेवलं होतं. भट्ट्यांची ऊब डोक्यावर येऊन बसत होती. मी छप्पर सोडलं, म्हणजे उंची किती ते सॉफ्टवेअरवर टाकलं. वर धूर निघायला झडपा दिल्या. जागाही सोडली, कुठल्याही कोपऱ्यात जा म्हटलं. आणि पुन्हा पिसायला लावलं. या वेळी डाव निघाले. खर्च थोडा वाढला होता, पण निधीत बसत होता. सगळ्यात स्वस्त डावात स्वयंपाकघर ईशान्येच्या कोपऱ्यात गेलं होतं. उंच छपराचं, सकाळचं कोवळं ऊन घेणारं, दुपारभर सावलीत. आणि निळंशार.

सरांनी बराच वेळ ते बघितलं. मग म्हणाले की तुझी आई नशीबवान आहे. मी म्हटलं, तिला सहात मोजलं एवढंच केलंय. पण सर त्या दिवशी खुश होते, कारण निधीवाल्यांना दाखवायला गोष्ट छान झाली होती. मी रंगीत प्रिंट काढले. ही माझी चूक, असं सर पुढे कितीदा तरी म्हणाले. मी म्हणते, चूक रंगांची नव्हती.

संस्थेच्या सभागृहात बापूसाहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. आधी दाराबद्दल बोलले. दार कुठं, उंबरठा कुठं, त्यांच्या शास्त्रीबुवांना विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही, वगैरे. सर हो हो करत होते. मग बापूसाहेबांनी विचारलं की हे लाल-निळं काय आहे. सरांनी मोठ्या उत्साहानं समजावलं. ही एकच गोष्ट त्यांना येत होती, ते तरी काय करणार.

बापूसाहेबांचं बोट सावकाश नकाशावरून फिरलं. झोपायच्या खोल्या, निळसर. अभ्यासिका, निळसर. स्वतःचं ऑफिस, किंचित पिवळट. बोट तिथं अडकलं. मग ते पुढे निघालं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात जाऊन टेकलं.

“हे येवढं गार काय हाय?”

“भटारखाना,” सर म्हणाले.

बापूसाहेब हसले. समितीतले बाकीचेही हसले, कारण बापूसाहेब हसले होते. “म्हंजे अध्यक्ष पिवळा अन् भटारखाना निळा. दाणी साहेब, निवडून आम्ही आलो का त्या बाया?”

सरही हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, “भट्टीजवळ बसतात त्या. म्हणून गार लागतं.”

बापूसाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. रागानं नाही. शाळेतल्या पोरीकडे बघावं तसं. “बाई, त्यायले सवय हाय,” ते समजुतीनं म्हणाले. “माह्यं वय झालं.” आणि पेन काढून त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्यात ‘अध्यक्ष’ असं लिहिलं, बाण काढून भटारखाना पश्चिमेला नेला, आणि नकाशा सरांकडे सरकवला. सरांनी तो घडी करून बॅगेत ठेवला.

गाडीत मी बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. सरांनाच राहवलं नाही. तू रंग द्यायलाच नको होते, ते म्हणाले. चांगली खोली आणि तिला निळा रंग, म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलेबीवरचं झाकण काढून ठेवण्यासारखं आहे.

“पण सर, आता परत शून्य करायचं?”

“ते कशाला, सहा राहू दे. पश्चिमेलाच बसव, पंखे वाढव. होईल काहीतरी.”

होईल काहीतरी. मायचं डोकं तव्याच्या कुठल्या बाजूला पडेल ते पंखे ठरवणार.

मला राग आला की मी शांत होते. हा गुण मायचा. त्या शांतपणात मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. स्वयंपाकघर कितीही थंड करा, ते सगळ्यात थंड झालं की कुणीतरी पेन काढणार. चांगली खोली बायांना द्यायची असेल तर ती मागून चालत नाही. मला लिमिटच चुकीचं सुचलं होतं. स्वयंपाकघर अमुक इतकं थंड हवं, हे लिमिट नव्हेच.

“सर, एकच डाव अजून काढू द्या,” मी म्हटलं. “नवीन लिमिट टाकते.”

“कुठलं?”

“स्वयंपाकघर अध्यक्षांच्या ऑफिसपेक्षा गरम नको.”

सरांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. असं लिमिट कोणी टाकतं का? दोन खोल्या एकमेकींना बांधायच्या? मी म्हटलं, सॉफ्टवेअरला चालतं, मदतपानांत आहे. सर म्हणाले, टाक बाई, टाक, तुझं समाधान होऊ दे, निघणार काही नाही. त्यांना वाटत होतं की मी रुसलेय आणि खेळणं मागतेय.

दुसऱ्या दिवशी मी ते लिमिट टाकलं, आजवर एका जागी ठोकून ठेवलेलं ऑफिसही मोकळं सोडलं आणि डबा खायला बसले. माझी समजूत अशी होती की ऑफिस कुठंही गेलं तरी सॉफ्टवेअर स्वयंपाकघर थंड करत त्याच्या बरोबरीला आणेल. जेवून हात धुऊन आले, तर पडद्यावर डाव आलेला. मी बघितला आणि मला सरांना हाक मारावी लागली, कारण एकटीनं हसायला लाज वाटत होती.

सॉफ्टवेअर ठेकेदार आहे हे मी विसरले होते. स्वयंपाकघर ऑफिसपेक्षा गरम नको ना? मग स्वयंपाकघर थंड करण्यापेक्षा ऑफिस तापवणं स्वस्त. त्यानं ऑफिस उचलून थेट नैऋत्येला नेऊन ठेवलं होतं, पश्चिमेच्या तोंडावर. छप्पर बुटकं. मुलींच्या खोल्या त्याच्या सावलीत बसलेल्या. स्वयंपाकघर उंच छपरासकट आग्नेयेला, दुपारनंतर सावलीत. ईशान्येच्या त्या निळ्याशार कोपऱ्यात मुलींची अभ्यासिका. निधीची अट सगळीकडे पाळलेली, ऑफिसातसुद्धा, फक्त तिथं अगदी काठावर. आणि खर्च आधीच्या डावापेक्षा कमी.

सूर्यासमोर आडवं घालायला या वेळी त्याला अध्यक्ष सापडले होते.

सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग चष्मा घालून गंभीर झाले. “हे बापूसाहेबांना दाखवायचं कुणी?”

“दाखवायचं तुम्ही. रंग नको. साधा नकाशा, फक्त दिशा लिहू.”

“ते ओरडतील.”

“सर, आग्नेयेला काय असतं?”

सर माझ्याकडे बघत राहिले. नागपुरात घरं बांधणाऱ्या माणसाला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आग्नेय म्हणजे अग्नी, म्हणजे चूल. ईशान्य देवाची आणि विद्येची, तिथं जड बूड ठेवायचं नाही. आणि नैऋत्य? नैऋत्य यजमानाची. कर्त्या पुरुषानं तिथंच बसायचं, बाकी कुठं बसला की सत्ता जाते म्हणतात.

माझा वास्तूवर विश्वास नाही, हे मी सरांना तेव्हाही सांगून टाकलं. माझ्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि चूल जिथं जागा मिळाली तिथं आहे. पण गिऱ्हाइकाचा ज्यावर विश्वास ते ड्राफ्ट्समनला पाठ असावंच लागतं. जे सूर्याला कळतं ते सॉफ्टवेअरनं काढलं होतं, आणि ते जाऊन शास्त्रीबुवांच्या पोथीत बसलं होतं. माझा त्यात काही दोष नव्हता. मी एक लिमिट टाकून डबा खात होते.

“तुझा तुझ्या आईवर विश्वास आहे की नाही?” सरांनी विचारलं.

“का?”

“नाही, वास्तूवर नाही म्हणालीस. म्हटलं कशावर तरी असेल.” आणि त्यांनी नकाशा प्रिंटला पाठवला. ओल्या पुठ्ठ्याच्या मानानं त्या दिवशी सर बरेच ताठ उभे राहिले होते.

बापूसाहेब नकाशा बघून आधी खवळले. मी ईशान्य सांगितली होती, ते म्हणाले. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, तशी मी फार कमी वेळा बघते. सर म्हणाले की साहेब, एकदा शास्त्रीबुवांना विचारून घ्या, आम्ही काय, तांत्रिक माणसं. बापूसाहेबांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि दिशा वाचून दाखवल्या. पलीकडून शास्त्रीबुवा बराच वेळ बोलत होते. बापूसाहेबांचा चेहरा हळूहळू उतरला, मग उजळला. ईशान्येला बसलो असतो तर काय काय झालं असतं ते त्यांना कळत असावं. फोन ठेवून त्यांनी घाम पुसला.

“कोनं काढला हा नकाशा?”

“हिनं. विशाखा तायडे.”

“तायडे,” बापूसाहेब म्हणाले. त्यांनी माझं नाव तोंडात एकदा फिरवून बघितलं. “वास्तू शिकली काय गं तू?”

“नाही. कॉम्प्युटरनं काढलं.”

“कॉम्प्युटरलेबी समजते म्हंजे,” ते समितीकडे वळून म्हणाले, आणि समितीनं मान डोलावली. मग त्यांनी सही केली.

गाडीत सर म्हणाले, “आणि त्यांनी विचारलं असतं की तिथं गरम किती होईल, तर?”

“तर सांगितलं असतं.”

“खरं?”

“आकड्यासकट. विचारलं नाही ना त्यांनी.”

इमारत उभी राहिली. मला दुसरी कामं आली, मग दुसरं ऑफिस आलं. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर मे महिन्यात एका दुपारी मी मायला भेटायला गेले. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी वीज जायची, ती संध्याकाळी यायची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

स्वयंपाकघराचं छप्पर खरंच उंच होतं. धूर वर जाऊन झडपांतून निघत होता आणि दारातून हवा आत ओढली जात होती. बाया तव्याभोवती होत्या. मायच्या कपाळावर घाम होता, पण तो कामाचा होता, शेडमधल्यासारखा मरणाचा नव्हता. ती कलंडली नव्हती. नंतरही कधी कलंडली नाही.

पण बाया गप्प होत्या. एकमेकींची उणीदुणी नाहीत, नलूबाईच्या सुनेचा विषय नाही. पदर सगळ्यांचे घट्ट. मला वाटलं कुणी गेलं की काय. मग दाराच्या आडोशाला, जिथं वारा सगळ्यात चांगला लागत होता तिथं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बापूसाहेब दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत ओढून, हातात कागदाचा पंखा, डोळे मिटलेले.

मायनं मला कोपऱ्यात ओढलं.

“हे तुह्यंच काम हाय,” ती दात चावून म्हणाली. “पाहाय. लाइट गेली की येऊन बसते. त्याच्या ऑफिसात म्हने पापड भाजते बसल्या जागी. डाळीत मीठ जास्त पडलं, कांदा जाड कापला, सारं पाहून राह्यते. आमाले बोलता येत नाई, हसता येत नाई. घाम तुह्या कॉम्प्युटरानं नेला अन् हे म्हातारं आनून बसवलं.”

“मग सांग ना त्यांना, बाहेर बसा म्हणून.”

“मी कायले सांगू. तूच टाक अजून एक लिमिट. सैपाकखोलीत खुर्ची नको म्हना.”

आमची कुजबूज ऐकून बापूसाहेबांनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, “कॉम्प्युटरवाली पोरगी ना तू? तायडे.”

“हो.”

ते थोडा वेळ पंखा हलवत राहिले. “एक सांग. माह्यं ऑफिस येवढं काहून तापते?”

बायांचे हात थांबले. मायनं माझा दंड धरला. नख रुतेपर्यंत धरला. पण मी सरांना शब्द दिला होता, आणि तसाही मला खोटं बोलायला कंटाळा येतो.

“स्वयंपाकघर थंड राहावं म्हणून,” मी म्हटलं. “मी तसं लिमिट टाकलं होतं. ह्या बाया तुमच्या ऑफिसपेक्षा जास्त तापता कामा नयेत, असं.”

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. कुणी उलटली नाही.

बापूसाहेब माझ्याकडे बघत राहिले, मग मायकडे, मग तिच्या मुठीतल्या माझ्या दंडाकडे. तेवढ्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. मी मनात म्हटलं, आता घरी बसवतात.

“अन् शास्त्री?” त्यांनी विचारलं.

“शास्त्रीबुवांना मी भेटलेसुद्धा नाही. त्यांना ते आपलं आपण पटलं.”

 बापूसाहेबांनी बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. उठून आपल्या ऑफिसात जायचं तर ते अंगण ओलांडावं लागणार होतं, आणि पलीकडे ती बुटक्या छपराची खोली. त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत जरा वजन बदललं.

“देवकाबाई,” ते म्हणाले, “पोळी करपली. अन् चहा झाला असन तं टाक घोटभर. साखर कमी.”

मायनं माझा दंड सोडला. गंज उतरवला, बायांच्याच गंजातला चहा स्टीलच्या ग्लासात ओतला आणि त्यांच्या हातात दिला. ते फुंकर घालत प्याले. मी फळीवर बघितलं. तिथं तो थर्मास होता, झाकण गेलेला. मायनं त्यात लाकडी पळ्या उभ्या ठेवल्या होत्या.

लोक मला सांगतात की बापूसाहेब म्हातारपणी बदलले. मी त्यांना सांगते, बदलले नाहीत, तापले. मायला विचाराल तर ती ह्याहून सोपं सांगते. म्हणते, त्यायचं पोट एकदम बरं झालं, पन साखर कमीच लागते.